हिवाळ्यातली उदासी आणि उबेचा खर्च : विदर्भातल्या गावघरांसाठी

डिसेंबरात नागपूर-वर्ध्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सहाला गावात अंधार पडतो, सातला दारं लागतात आणि आठ वाजता अर्धं गाव वाकळीत शिरलेलं असतं. दुपारी २८ अंशांवर असलेला पारा पहाटे १० च्या खाली उतरतो. गोंदिया आणि नागपूरला तर ७-८ अंश ही काही मोठी बातमी राहत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. समुद्र लांब, आभाळ निरभ्र आणि उत्तरेचा कोरडा वारा, म्हणून दिवसा तापलेली जमीन रात्रभरात सगळी ऊब वर सोडून देते.

याच दिवसांत गावातली काही माणसं हळूहळू गप्प होत जातात. पाराजवळ दिसत नाहीत, भजनाला येत नाहीत, विचारलं तर ‘हिव लागते’ एवढंच सांगतात. आणि याच दिवसांत पाणी तापवायच्या रॉडमुळे विजेचं बिल वाढतं, सिलिंडर लवकर संपतो, सरपणासाठी लांब जावं लागतं. हे दोन त्रास आपण वेगवेगळे समजून सोसतो. माझ्या मते ते एकमेकांत गुंतलेले आहेत. उबेवर खर्च परवडत नाही म्हणून माणूस लवकर दार लावून पडतो, आणि बारा-बारा तास दार लावून पडलं की मन आणखी खचतं. म्हणून या लेखात दोन्हींबद्दल एकत्र बोलायचं आहे.

हिवाळ्यात मन का उतरतं?

१९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दरवर्षी हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं सविस्तर वर्णन केलं. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे आणि ते सकाळच्या उजेडावर लावलं जातं. डोळ्यांवर उजेड पडला की झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कमी होतं आणि शरीराला दिवस सुरू झाल्याचं कळतं. लंडनसारख्या ठिकाणी डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा, तोही ढगाळ. तिथं हे घड्याळ मागे पडतं, माणूस जास्त झोपतो, सुस्तावतो, उदास होतो. उपाय म्हणून १०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) इतका प्रकाश देणाऱ्या दिव्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसवतात.

आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो आणि आभाळ बहुतेक वेळा स्वच्छ. सकाळी साडेआठला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसलं की त्या महागड्या दिव्यापेक्षा जास्त प्रकाश फुकट मिळतो. (सूर्याकडे थेट पाहायचं नाही, उजेड अंगावर आणि चेहऱ्यावर पडला की पुरे.) पण त्याच वेळी एका खिडकीच्या खोलीत शंभर-दोनशे लक्सही मुश्किलीने असतात. म्हणजे उजेड अंगणात भरपूर आहे, तो घराच्या आत बसलेल्यांपर्यंत पोचत नाही. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, अंधाऱ्या खोलीतली बाळंतीण आणि रात्रभर शेतात राहून सकाळी झोपणारा शेतकरी, हे ते लोक. त्यांची बाज दोन तासांसाठी ओसरीत आणणं हा घरातला पहिला आणि बिनखर्चाचा उपचार आहे.

या शेतकऱ्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या हिवाळी उदासीचं मोठं कारण मला तिथं दिसतं. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे हेच दिवस. कृषिपंपाची थ्री फेज वीज अनेक ठिकाणी काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी आली की माणूस मध्यरात्री घोटाभर गार पाण्यात उभा राहून दांडातून पाणी वळवतो. ओलीत नसेल तर रानडुकरांसाठी जागल असते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाची भीती वेगळीच. पहाटे घरी येऊन तो झोपतो, उठेपर्यंत ऊन चढलेलं असतं. झोपेचं असं खोबरं सलग काही आठवडे झालं तर धडधाकट माणसाचाही स्वभाव चिडका होतो, भूक जाते, छोट्या गोष्टीही डोंगरासारख्या वाटू लागतात. यात त्याच्या मनाचा दुबळेपणा काही नाही, मेंदूला दुरुस्तीचा वेळच मिळालेला नसतो.

शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी पाळ्या वाटून घेतल्या तर एकाला सलग रात्री जागाव्या लागत नाहीत, आणि अंधारात एकटं राहावं लागत नाही. पहाटे परतल्यावर ओले कपडे आधी बदलायचे. ओलं कापड अंगाची ऊब कोरड्या हवेपेक्षा कितीतरी भराभर ओढून घेतं. मग झोपायचं, पण दुपारच्या आत उठून अर्धा तास उन्हात बसायचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या योजना शेतीला दिवसा पाणी देता यावं म्हणून आहेत. मी तर त्यांना मनाच्या आरोग्याच्या योजनाही म्हणेन. सौर पंपासाठी ज्यांनी अजून अर्ज केला नाही त्यांनी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी.

आणखी एक कारण पैशाचं. सोयाबीन विकून झालेलं असतं, कापूस घरात येत असतो, आणि वर्षभराचे सगळे हिशेब याच दोन-तीन महिन्यांत समोर येतात. कृषी केंद्राची उधारी, पीककर्ज, बचत गटाचा हप्ता, घरातलं लग्न. बोंडं फुटली पण भाव पडलेला, अशा वर्षी रात्री दोन वाजता उघडलेले डोळे सकाळपर्यंत मिटत नाहीत.

आजार कसा ओळखायचा?

गावात कुणी ‘मला नैराश्य आलं’ असं म्हणत नाही. आशाताई आणि साठीतल्या एका शेतकऱ्याचं बोलणं साधारण असं होतं :

“काकाजी, बरं हाये न?”

“बरंच म्हणा लागीन. सकायी आंग जड पडते. हिव निघतच नाही आंगातून.”

“झोप लागते काय?”

“लागते, पण दोन-तीनले डोये उघडते. मंग इचारच इचार.”

“कापूस वेचाले जात नाही म्हणे?”

“मनच नाही लागत पोरी.”

यात रडणं नाही, दुःखाचा शब्दही नाही. पण मध्यरात्रीनंतर जाग येणं, सकाळी सगळ्यात जास्त जडपणा, आवडीच्या कामातून मन उठणं, ही नैराश्याची ओळखीची लक्षणं आहेत. त्यांच्या जोडीला भूक मंदावते, स्वतःबद्दल ‘मी घरावर भार आहे’ असं वाटू लागतं, बोलणं कमी होतं. दोन-चार दिवस मन खट्टू असणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण उदासपणा किंवा कशातच रस नसणं जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवडे टिकलं तर ते दवाखान्यात दाखवण्याचं दुखणं आहे.

दवाखान्यात जायचं आणखी एक कारण सांगतो. सारखी थंडी वाजणं, थकवा आणि खिन्नपणा हे तिन्ही एकत्र असतील तर कधी कधी मूळ शरीरात सापडतं. थायरॉइड ग्रंथी मंदावली तर नेमकं असंच होतं : अंग गार, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, मन उदास. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनाही इतरांपेक्षा जास्त हिव लागतं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता असू शकते. साध्या रक्ततपासणीत हे कळतं आणि गोळ्यांनी सुधारतं. तपासणी न करता ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांना हिवाळा सगळ्यात जड जातो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, कोयत्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी त्यात अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखू लागतात. अशा मुलाला पहाटे गार पाण्याने अंघोळ घालू नये, शाळेत पाठवताना अंगभर कपडे असावेत, आणि तहान लागत नसली तरी दिवसभर पाणी पाजावं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. वारंवार दुखण्याने या मुलांचं मनही खचतं, शाळा बुडते, हे मास्तरांनी लक्षात घ्यावं.

ऊब नेमकी जाते कुठून?

टिनाच्या घरात राहणाऱ्या एका आजीने मला पहाटे तोंडावर पडणारे थेंब दाखवले होते. पाऊस नाही, वरून गळती नाही, तरी वाकळीची वरची घडी ओली. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडे सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आपल्या श्वासातली वाफ त्या गार पत्र्याला लागून थेंब धरते आणि खाली टपकते. म्हणजे पत्र्याखाली झोपणाऱ्याची ऊबही वर जाते आणि वरून ओलही येते. कवेलू आणि जाड मातीच्या भिंती दिवसाचं ऊन धरून ठेवून रात्री हळूहळू सोडायच्या. आता नव्या बांधकामात अनेकांच्या वाट्याला पत्राच येतो, त्यामुळे उपायही पत्र्याचाच शोधला पाहिजे.

आजीच्या सुनेने जुन्या नऊवारी आणि खताची धुतलेली पोती एकत्र शिवून पत्र्याखाली छत ताणलं. पत्रा आणि कापड यांच्यात वीतभर जागा सोडली. ऊब धरून ठेवायचं खरं काम ती मधली कोंडलेली हवा करते. थेंब पोत्यावर अडले आणि खोलीतला गारठा स्पष्ट कमी झाला. हे छत चुलीच्या वर किंवा विजेच्या उघड्या वायरीजवळ मात्र कधीही नको. थर्माकोलही लावू नये, पेटला तर विझवता येत नाही आणि धूर विषारी असतो. तणीस-कुटार पत्र्यावर पसरणारेही पाहिले आहेत, त्याला ठिणगीची भीती असते.

दुसरी जागा बाजेखालची. आपण अंगावर तीन पांघरुणं घेतो आणि खाली सुताच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांची बाज, तिच्या फटींतून रात्रभर गार हवा लागते. तीनातली एक वाकळ अंगाखाली घातली तर जास्त ऊब मिळते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी सतरंजीखाली पोतं किंवा ताडपत्री घालावी. पायमोजे आणि कानटोपी घालून झोपण्यात लाजण्यासारखं काही नाही, म्हाताऱ्या माणसांसाठी तर ते औषधच आहे. वय वाढलं की शरीराची स्वतःला गरम ठेवायची ताकद कमी होते आणि थंडीत रक्तदाब चढतो. पहाटे चारला उठून गार पाण्याने अंघोळ करायची सवय असलेल्या आबाजींनी दोन महिने ती ऊन वर आल्यावर करावी.

खोली तापवणाऱ्या हीटरबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे : पत्र्याच्या घरात तो घेऊ नये. दोन कांड्यांचा हीटर साधारण २,००० वॅटचा असतो. एक तास चालला की दोन युनिट. रोज तीन तास चालवला तर महिन्याला १८० युनिट, आणि ती सगळी ऊब फटींतून बाहेर. त्यापेक्षा माणूस गरम ठेवणं स्वस्त पडतं. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवली तर विजेचा खर्च जवळजवळ नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांना मात्र ती अंगाला लावून देऊ नका. भाजल्याचं त्यांना कळत नाही.

अंघोळीचं पाणी : बिलाचं खरं कारण

हिवाळ्यात बिल वाढतं ते बहुतेक घरांत पाण्यामुळे. रात्रभर टाकीत राहून १४ अंशांपर्यंत गार झालेलं वीस लिटर पाणी अंघोळीजोगं, म्हणजे ४१ अंश करायला साधारण ०.६३ युनिट लागतं. १,५०० वॅटच्या रॉडला त्यासाठी पंचवीसेक मिनिटं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज अडीच युनिट, महिन्याला पंच्याहत्तर. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटनंतरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. साठ-सत्तर युनिट वापरणारं घर रॉडमुळे ही रेषा ओलांडतं आणि रेषेपलीकडचं प्रत्येक युनिट महागात पडतं. पंखे बंद झाल्याची बचत त्यातच जिरून जाते.

आता यातली सोपी बचत. विहिरीचं, बोअरचं किंवा हातपंपाचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जमिनीच्या पोटात काही मीटर खाली वर्षभर सारखंच तापमान राहतं, आपल्या भागात २६-२७ अंशांच्या आसपास. तेच ताजं पाणी घेऊन तापवलं तर ०.३५ युनिटमध्ये काम होतं, म्हणजे खर्च जवळपास निम्मा. टाकीत रात्रभर गार झालेलं पाणी तापवण्यापेक्षा सकाळी हातपंपावरून दोन बादल्या आणणं हे म्हणूनच पैशाचं काम आहे. घरी बोअर असेल तर अंघोळीच्या वेळी मोटर लावून थेट बादली भरावी.

ज्यांना जमेल त्यांनी अंघोळ दुपारी तीनला करावी. काळ्या ड्रममध्ये किंवा पसरट गंगाळात सकाळपासून उन्हात ठेवलेलं पाणी तोवर चांगलं कोमट झालेलं असतं. शाळेत-कामावर जाणाऱ्यांना हे जमणार नाही, पण घरात राहणाऱ्यांना जमतं.

कमी पाणी उकळून त्यात विसण घातलं की वीज वाचते, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. शेवटी जेवढं पाणी जेवढं गरम हवं तेवढीच उष्णता लागते. बचत होते ती बादली अर्धी केल्याने आणि रॉड वेळेवर बंद केल्याने. दहा मिनिटं विसरला की पाव युनिट गेलं. आणि रॉडचं बटण बंद करून, पिन बोर्डातून काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. दर हिवाळ्यात यात जीव जातात. लोखंडी बादली वापरू नका, अर्थिंग तपासून घ्या.

गॅसवर तापवलं तर टाकीतल्या गार पाण्याच्या एका बादलीला ऐंशी ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. रोज चार बादल्या म्हटल्या तर १४.२ किलोच्या सिलिंडरमधला साडेनऊ-दहा किलो महिनाभरात अंघोळीतच संपतो. उज्ज्वलाच्या कनेक्शनवर सबसिडी मिळते तरी हे परवडणारं नाही. सिलिंडर स्वयंपाकाला ठेवावा.

चूल, शेगडी आणि धूर

राहिलं सरपण. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतली जेमतेम दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडी जास्त भांड्याला लागते, बाकी धुरात आणि हवेत जाते. एका बादलीला किलो-सव्वा किलो लाकूड लागतं. पितळी किंवा तांब्याच्या बंबात मधल्या नळीतून जाळ जातो आणि पाणी चारी बाजूंनी असतं, त्यामुळे तेवढ्याच लाकडात जास्त पाणी तापतं. माळ्यावर पडलेला जुना बंब मोडीत घालण्याआधी विचार करा.

पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, ही आपली स्वतःची, बिनपैशाची इंधनसंपत्ती. पण तिच्यावर राहिलेल्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि अंगणातल्या ढिगातून पुढच्या हंगामात पुन्हा शेतात जाते. म्हणून पऱ्हाटी पावसाळ्याच्या आत जाळून संपवावी, आणि पुढच्या वर्षासाठी साठवायचीच तर तुऱ्हाटी साठवावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंद खोलीत कोळशाची शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं किंवा जळती चूल ठेवून कधीही झोपू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस ती झोपच समजतो. झोपण्याआधी शेगडी बाहेर न्या. घरात चार जणांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं तर दारं उघडून सगळ्यांनी बाहेर यावं आणि दवाखाना गाठावा.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दार-खिडकी बुजवायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. त्यामागची माया मला समजते, बाळाला ऊब हवीच असते. पण त्या खोलीत धूर, विषारी वायू आणि अंधार एकत्र कोंडतात. नव्या आईचं मन आधीच नाजूक असतं. सव्वा महिना अंधारात ठेवलं तर बाळंतपणानंतरची उदासी वाढू शकते. बाळाला उबेसाठी सगळ्यात चांगली जागा आईच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण, डोक्याला टोपी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचं जे काम उभं केलं आणि ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, त्यात बाळाला उबदार ठेवणं हा एक मुख्य भाग होता. तिथं हे गावातल्याच बायकांनी करून दाखवलं. आज आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत बाळाला पाहायला येतात. त्या आल्या की बाळाबरोबर आईची झोप कशी आहे, ती रडते का, हेही त्यांना सांगा. आणि रोज सकाळी आई-बाळाला तासभर कोवळ्या उन्हात बसवा.

एका जाळावर दहा माणसं

वीस घरांत वीस चुली संध्याकाळभर धुमसत ठेवण्यापेक्षा एका शेकोटीभोवती वीस माणसं बसली तर सरपण कितीतरी कमी लागतं. आणि तिथं दुसरं काम आपोआप होतं : गप्प झालेला माणूस चार माणसांत येतो. मन उतरलेल्या माणसाला ‘आधी मन बरं होऊ दे, मग बाहेर पडेन’ असं वाटतं, पण घडतं उलट. आधी पाय बाहेर पडतात, मन मागून सावरतं. मानसोपचारात यावरच बेतलेली उपचारपद्धत आहे, तीत रुग्णाला रोज एक छोटं, ठरलेलं काम दिलं जातं. गावात ते काम शेकोटीचं सरपण आणण्याचंही असू शकतं.

आपल्याकडे एकत्र बसायच्या जागा आहेत. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा अनेक गावांत चालू आहे, गुरुदेव सेवा मंडळाची माणसं रोज जमतात. कार्तिकात पहाटे काकडा असतो. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई, दंडार आणि वडसा-देसाईगंजहून गावोगाव जाणारी नाटकं, तिथं लोक रात्रभर घोंगडी पांघरून बसतात. वऱ्हाडात ओल्या तुरीच्या शेंगा उकडायच्या, रोडगे भाजायचे ते याच दिवसांत. जो आला नाही त्याच्या घरी शेंगांची वाटी घेऊन जा आणि हात धरून आणा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तर हा बोलावणा रोज हवा. मुलं पुण्या-मुंबईकडे, आणि इथं संध्याकाळी सहापासून सकाळी सातपर्यंत कुणाचा आवाज नाही. हे सोसणं सोपं नाही.

शेकोटीत प्लास्टिक, टायर टाकू नका. नायलॉनची साडी आणि ओढणी जाळापासून लांब. आणि दारू थंडी पळवते हा समज सोडा. तिने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून अंग गरम वाटतं, पण आतली ऊब भराभर बाहेर जाते. शिवाय ती झोप तोडते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढवते. त्याऐवजी भाकरीवर तेल घालून जवसाची चटणी, गूळ-तीळ, सोल्याची भाजी. अंग आतून तापतं ते अशा जेवणाने.

मन जास्तच जड झालं तर

‘मन घट्ट कर’ हे वाक्य कुणालाही सांगू नका. त्याला ते करता आलं असतं तर त्याने केलं असतं. शेजारी बसा, विचारा, मधे न बोलता ऐका. जगणं नको झाल्यासारखं बोलत असेल तर सरळ विचारा, “जीव द्यायचे विचार येतात काय?” असं विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

फवारणीचा हंगाम संपलेला असतो आणि उरलेल्या औषधाच्या बाटल्या घरातच कोपऱ्यात असतात. त्या आजच घराबाहेर कुलपात ठेवा, चावी दुसऱ्या माणसाकडे. टोकाचा विचार अनेकदा थोड्या वेळापुरता तीव्र असतो, आणि तेवढ्या वेळात विष हाताशी नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या.

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठी फोनवरून सल्ला देणाऱ्या सेवेचा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने सुरू केला. फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोनला जाग आली आणि विचार थांबत नसतील तर तेव्हाही लावता येतो. रुग्णाऐवजी घरच्यांनी फोन करून सल्ला घेतला तरी चालतो. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. तिथं जाताना सोबत कुणीतरी जावं आणि डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात : झोप कधीपासून बिघडली, जेवण किती उरलं, कोणतं काम सुटलं, आणि दारू किंवा इतर औषधं चालू आहेत का. गोळ्या सुरू झाल्या तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही होत नाही म्हणून, किंवा महिन्याभरात बरं वाटलं म्हणून, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पुढच्या तारखेला बसभाड्याची अडचण असेल तर ते आशाताईंना आधीच सांगून ठेवावं, गोळ्या जवळच्या सरकारी दवाखान्यातून मिळण्याची सोय होते का हे त्या विचारून देऊ शकतात.